चिठ्ठी हातात पडल्यावर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर माझ्यासारख्या गिरणी कामगाराला उभं केलंत, त्याबद्दल समितीचे आभार मानतो. मी विद्वान नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. १९९० साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, साचाखात्यात काम केलं, आणि मार्च २०२० च्या लॉकडाऊनला यंत्रं थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काही शिक्षण झालं ते वाचनालयात आणि हॉस्पिटलांच्या वऱ्हांड्यात. आपण परळच्या आसपास राहणारी माणसं. केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं आपल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे रत्नागिरीहून, साताऱ्याहून, विदर्भातून नात्यागोत्यातला पेशंट मुंबईला आला की त्याचा पहिला मुक्काम आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत. आणि त्याच्याबरोबर धावायचं कोणी? शिफ्ट सुटलेल्या माणसाने. असा मी तीस वर्षे धावलो. त्या धावण्यातून जे शिकलो ते आज सांगणार आहे.

विषय साधा आहे. डॉक्टर किंवा सिस्टर आपल्या हातात एक चिठ्ठी देतात आणि म्हणतात, "हे बाहेरून आणा, लवकर आणा." तिथून पुढच्या दोन-चार तासांत काय करायचं, एवढाच आजचा विषय. आजार गरीब-श्रीमंत बघत नाही असं म्हणतात. आजार बघत नसेल, पण चिठ्ठी बघते. पैसेवाल्याची चिठ्ठी घेऊन त्याचा ड्रायव्हर जातो. आपली चिठ्ठी घेऊन म्हातारी आई जाते, जिला दुकानाची पाटी वाचता येत नाही. किंवा रोजंदारीवरचा भाऊ जातो, ज्याचा खाडा पडतो. म्हणून ही माहिती आपल्या घराघरात असली पाहिजे.

काहीजण म्हणतील, विहारात धम्माचं बोला, औषधांचं काय बोलता? त्यांना माझं नम्र सांगणं आहे की विनयपिटकातला महावग्ग वाचा. एक भिक्षू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघ गोळा करून, रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे असं समजावलं. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही त्यांनी सांगितले. त्यातला पहिला गुण काय? औषध तयार करण्याची पात्रता. दुसरा, रुग्णाला काय मानवतं आणि काय मानवत नाही हे कळणं. नुसती करुणा पुरत नाही, माहिती लागते.

त्याच विनयात औषधांच्या साठ्याबद्दलही नियम आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं आजारी भिक्षूला चालत. पण पिलिंदवच्छ नावाच्या स्थविरांना लोकांनी ही औषधं भरपूर दिली, त्यांच्या शिष्यांनी ती मडक्यांत आणि थैल्यांत भरून ठेवली, उंदीर लागले, लोक नावं ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी नियम केला की ही औषधं सात दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाहीत. बंधूंनो, अडीच हजार वर्षांपूर्वी साठेबाजीवर घातलेला हा नियम आहे. २०२१ साली आपण काय पाहिलं, ते मी पुढे सांगणारच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट, चिठ्ठी घेऊन पळत सुटू नका. दोन मिनिटं तिथेच उभे राहा. गिरणीत एखाद्या मागाचं चाक झिजलं तर आम्ही स्टोअरमध्ये जायचो. स्टोअरकीपर विचारायचा, कुठल्या मागाचं, किती दातांचं? नुसतं "चाक द्या" म्हटलं की परत पाठवायचा. औषधाचंही तसंच आहे. डॉक्टरांना नम्रपणे पाच गोष्टी विचारा. एक, औषधाचं मूळ नाव काय, ते सुट्या ठळक अक्षरांत लिहून द्या. दोन, ताकद किती, म्हणजे किती मिलिग्रॅम. तीन, नग किती, आणि त्यातले आज किती लागतील. चार, किती वाजेपर्यंत लागेल. पाच, हेच नाही मिळालं तर दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसरं कुठलं चालेल का. या पाचव्या प्रश्नाने मी लोकांचे तासन्‌तास वाचलेले पाहिले आहेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, ते मिळत नाही म्हणून माणूस दादरपासून भायखळ्यापर्यंत वीस दुकानं पालथी घालतो, आणि तेच औषध दुसऱ्या नावाने पहिल्याच दुकानात पडलेलं असतं. पण लक्षात ठेवा, बदल दुकानदाराने ठरवायचा नाही, आपणही नाही. डॉक्टरांना फोन करून विचारायचं आणि चिठ्ठीवर तसं लिहून घ्यायचं. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का बघून घ्या. त्याशिवाय बरीच इंजेक्शनं दुकानदार देत नाही, आणि देऊही नयेत.

दुसरी गोष्ट, बाहेर जाण्याआधी आत विचारा. वॉर्डात संपलेलं औषध बऱ्याचदा हॉस्पिटलच्या मुख्य स्टोअरमध्ये किंवा दुसऱ्या वॉर्डात असतं. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवकांचं खातं असतं. त्यांच्याकडे गरीब रुग्णांसाठीचा निधी आणि ट्रस्टची यादी असते. आपली माणसं त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत, कारण कोणी सांगतच नाही. पेशंट महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दाखल असेल तर त्या पॅकेजमध्ये औषधं आणि बसवायचं साहित्य धरलेलं असतं. तशा पेशंटला बाहेरची चिठ्ठी मिळाली तर आधी योजनेच्या टेबलावर जाऊन आरोग्यमित्राला विचारा, हे कसं काय? ट्रस्टच्या खाजगी हॉस्पिटलांतसुद्धा दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. २००६ सालापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना लागू आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही.

तिसरी गोष्ट, बाहेर जायचंच असेल तर दिशा ठरवून जा. नेहमीचं औषध असेल तर आधी जनऔषधी केंद्र. महागडं असेल, कॅन्सरचं किंवा हृदयाचं, तर सरकारी सवलतीची अमृत नावाची दुकानं काही मोठ्या हॉस्पिटलांत आहेत. तिथे नसेल तर हॉस्पिटलच्या दारातली मेडिकल. कारण ज्या हॉस्पिटलात जे औषध लिहितात, ते त्याच्याच दारातले दुकानदार ठेवतात. टाटासमोरच्या मेडिकलमध्ये कॅन्सरचं औषध मिळेल, ते आपल्या नाक्यावर मिळणार नाही. तिथेही नाही मिळालं तर घाऊक बाजार. मुंबईत तो प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे आताच्या शामळदास गांधी मार्गावर. औषधांचे घाऊक व्यापारी आणि सर्जिकल सामानाची दुकानं तिथेच. पण रविवारी आणि रात्री तो बाजार बहुतेक बंद असतो, म्हणून शनिवारी दुपारी मिळालेली चिठ्ठी सोमवारवर ढकलू नका. आणखी एक उपाय सांगतो. दुकानदाराला विचारा, या कंपनीचा एम.आर. कोण? त्या पोराला माहीत असतं की माल कुठल्या स्टॉकिस्टकडे पडला आहे. एक फोन दहा फेऱ्या वाचवतो.

एका घरातले चारजण असतील तर चौघांनी चार दिशांना पळू नका. एकाने पेशंटजवळ थांबायचं, एकाने फोनवर बसायचं, एकानेच जायचं. फोनवर "ठेवून द्या, मी येतोय" म्हणून नाव सांगायचं आणि मगच बस पकडायची. आणि मिळालं की इतरांना ताबडतोब कळवायचं. नाहीतर तेच इंजेक्शन तीन ठिकाणांहून विकत येतं आणि तीन पट कर्ज होतं.

चौथी गोष्ट, औषध आणताना ते मरू देऊ नका. हो, औषधही मरतं. इन्शुलिन, लसी आणि बरीचशी सिरम दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. उन्हात हातातल्या पिशवीत आणलं तर गुण कमी होऊ शकतो. दुकानदाराकडून बर्फाची पिशवी मागून घ्या किंवा घरातला थर्मास न्या. पण औषध थेट बर्फावर ठेवू नका, मध्ये कागद किंवा फडकं ठेवा. कारण गोठलं तरी ते बाद. आणि हॉस्पिटलात पोचलात की ते उशाशी ठेवू नका, सिस्टरच्या हातात द्या आणि फ्रिजचं आहे असं तोंडाने सांगा.

आता रक्ताबद्दल. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपली मुलं रांगा लावून रक्त देतात. त्यांचा मला अभिमान आहे. पण एक हिशेब मांडतो. रक्तातल्या लाल पेशी दोन ते सहा अंशात ठेवल्या तरी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट तर फक्त पाच दिवस. म्हणजे १४ एप्रिलला दिलेलं रक्त मे महिन्याच्या अखेरीस संपलं. मुंबईत रक्ताची चणचण नेमकी कधी? मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि लोक गावाला. आणि डेंग्यूच्या दिवसांत, पावसाळ्यात, प्लेटलेटसाठी. म्हणजे आपण ज्या दिवशी देतो त्या दिवशी पेढीला पूर येतो आणि गरजेच्या दिवशी कोरड. त्यावर काय करायचं ते शेवटी सांगतो.

रक्त आणायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. डॉक्टरांनी भरलेला मागणीचा फॉर्म आणि पेशंटच्या रक्ताचा नमुना न्यावाच लागतो, कारण पेढीत दोन्ही रक्तं जुळवून बघतात. त्याला वेळ लागतो. नमुन्याच्या बाटलीवर पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक बरोबर आहे का, हे वॉर्डातून निघतानाच वाचा. त्यात चूक असेल तर पेढीवाला परत पाठवतो, आणि तो बरोबरच करतो. कुठल्या पेढीत काय शिल्लक आहे हे आता ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. आपली पोरं मोबाइलवर बघू शकतात. तरी निघण्याआधी फोन करून खात्री करा. आणि रक्त विकत देणाऱ्या माणसाच्या नादी लागू नका. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालेलं आहे. पेढी घेते ती तपासणी आणि साठवणुकीची फी, रक्ताची किंमत नव्हे. तिची पावती मागा.

आपल्या मुंबईच्या नावाचा एक रक्तगट आहे, हे किती जणांना माहीत आहे? १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच शोधला. त्याला बॉम्बे गट म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो. म्हणून कोणाच्या बाबतीत पेढीने "रक्त जुळत नाही" असं सांगितलं तर चिडू नका, ही तपासणी झाली का ते विचारा. आणि असा गट घरात कोणाचा निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. रक्त तिथेच मिळण्याची शक्यता सर्वात जास्त.

आता २०२१ च्या एप्रिल-मे महिन्याकडे वळतो. ते दिवस कोणी विसरलेलं नाही. रेमडेसिविरच्या सहा बाटल्यांसाठी माणसं रात्रभर रांगेत उभी होती. आपल्या वस्तीतल्या एका भगिनीने मंगळसूत्र मोडून छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे एका अनोळखी इसमाच्या हातात ठेवले, पावती नाही, काही नाही. बाटलीत काय होतं हे आजतागायत कळलेलं नाही. आणि गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैव बघा. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना हे औषध सरसकट देऊ नये असा सल्ला दिला होता. पुढे २०२२ मध्ये काही ठराविक रुग्णांसाठी त्यांनी त्याला जागा दिली. म्हणजे ज्याच्यासाठी घरं विकली ती संजीवनी नव्हती. मिळायला कठीण आहे म्हणून ते औषध मोठं ठरत नाही. म्हणून डॉक्टरांना सहावा प्रश्नही विचारा. हे मिळालंच नाही तर काय होईल? डॉक्टर खरं सांगतात. विचारणारा पाहिजे.

त्या काळात आपण ऑक्सिजनचंही गणित शिकलो. ते पोरांनी पाठ करून ठेवावं. घरी आणतात त्या मध्यम सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पाच लिटरने सोडला तर तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास. दहा लिटरने सोडला तर अडीच तास. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर. म्हणजे एक सिलिंडर आणला आणि निवांत झालो, असं होत नाही. पहिला लावला की दुसरा शोधायला निघायचं. कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन काढतो, त्याला भरावं लागत नाही, पण त्याला वीज लागते आणि साधं मशीन मिनिटाला पाच लिटरच देतं. ज्याला जास्त लागतो त्याला घरी ठेवूच नका. १०८ ला फोन करा.

काळ्या बाजाराला ओळखायचं कसं? छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त मागितला की समजा. पावती नाही म्हटलं की समजा. पाकिटावरचा बॅच नंबर आणि आतल्या बाटलीवरचा नंबर जुळत नसेल तर समजा. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या नावांच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालेलं आहे, तो मोबाइलने तपासा. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. हृदयात बसवायच्या स्टेंटची किंमतसुद्धा फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधून दिली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, अशी मर्यादा त्या वेळी ठरली. त्याआधी त्याचेच लाख-सव्वा लाख मोजलेली माणसं मला माहीत आहेत. अशी बांधलेली किंमत वेळोवेळी बदलते, म्हणून त्या दिवसाची किंमत विचारा.

दातांचं आपण फार हलक्यात घेतो. "दातच आहे, सकाळी बघू." पण दातांच्या तातडीतही माणूस दगावतो. दाढेची सूज जिभेखाली आणि गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, तर तो दाताचा दवाखाना उघडण्याची वाट बघण्याचा मामला नाही. रात्री दोन वाजले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात न्या, कारण श्वास बंद होऊ शकतो. दिवसा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आपल्यासाठी आहेत.

आणि दातांच्या बाबतीतली सर्वात तातडीची वस्तू कुठली, सांगा बघू? दूध! चाळीच्या मैदानात क्रिकेट खेळताना एका बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर चेंडू बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. सगळे रक्त बघून घाबरले. महिला मंडळाच्या एका ताईंनी दात वरच्या बाजूने धरून उचलला, मुळाला हात लावला नाही, घासला नाही, डेअरीतून थंड दुधाची पिशवी आणून वाटीत दूध ओतलं आणि त्यात दात टाकला. अर्ध्या तासात मुलगा दंतवैद्याकडे. त्यांनी दात जागेवर बसवून तारेने दोन आठवडे बांधून ठेवला, पुढे रूट कॅनाल केलं. आज तो मुलगा कॉलेजात जातो, दात जागेवर आहे. हे कागदात गुंडाळून, खिशात ठेवून, दुसऱ्या दिवशी नेलं असतं तर काही उपयोग नव्हता. तासाभराच्या आत गेलं पाहिजे. फक्त दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

२०२१ मध्ये काळी बुरशी आली तेव्हा किती जणांचा वरचा जबडा काढावा लागला. मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने ती वाढली. गाल सुजणं, एक नाकपुडी बंद होणं, चांगले दात अचानक हलू लागणं, टाळूवर काळा डाग, ही तिची लक्षणं. तिचं अँफोटेरिसिन हे इंजेक्शन बाजारातून गायबच झालं, आणि मग सरकारी वाटपातून हॉस्पिटलांना मिळू लागलं. तेव्हा जे नातेवाईक दुकानं फिरत राहिले त्यांचा वेळ गेला, आणि ज्यांनी हॉस्पिटलला मागणी पाठवायला लावली त्यांना मिळालं. चिठ्ठी कुठे चालवायची हे कळणं म्हणजे निम्मं काम. ज्यांचा जबडा गेला त्यांना टाळूचं भोक झाकणारी प्लेट दंत महाविद्यालयात बनवून मिळते, तिच्यामुळे खाता-बोलता येतं. कोणी अजून तोंडाला रुमाल लावून घरात बसलं असेल तर त्याला घेऊन जा.

गावाहूनही रात्री-अपरात्री फोन येतो. कोकणात फुरसं चावतं, विंचू मारतो. माणसं म्हणतात, मुंबईहून इंजेक्शन पाठवा. बाबांनो, गाडी पोचेपर्यंत वेळ निघून जाईल. सर्पदंशाची लस इथून पाठवायची नसते, पेशंटला लस असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं असतं. आपण इथून काय करायचं, तर फोन. तिथे लस आहे का, डॉक्टर आहेत का, हे विचारून गाडीवाल्याला योग्य रस्त्याला लावायचं. घोणस-फुरशाचं विष चढलंय का हे बघायला डॉक्टर एका कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर विष चढलं. पाच-दहा रुपयांची काचेची नळी, पण नेमकी तीच नसते!

महाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १९२७ चा चवदार तळ्याचा संग्राम येतो. त्याच महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या स्वस्तातल्या गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि हजारो गोरगरिबांचे जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जीव वाचवणारी वस्तू महागच असते, असं नाही. पण ती हाताशी असावी लागते. आणि कुत्रा चावला तर पहिलं औषध म्हणजे नळाचं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं जखम धुवा. मग पालिकेच्या हॉस्पिटलात लस. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं सिरमही मागा. ते संपलं असेल तर त्याच दिवशी दुसरं हॉस्पिटल गाठा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वात मोठा मुद्दा. एक कार्यकर्ता मित्र मला म्हणाला, "तुम्ही धावता म्हणून यंत्रणा बसून राहते. तुम्ही चिठ्ठ्या वाहता म्हणून हॉस्पिटल चिठ्ठ्या देतं." या म्हणण्यात तथ्य आहे. पण पेशंट खाटेवर असताना मी आंदोलनाला बसू शकत नाही. आधी इंजेक्शन, मग निवेदन. मात्र इंजेक्शन मिळालं की आपण निवेदन विसरतो, ही आपली खोट आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा मजूर गाडीतून पडला. त्याला एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. त्याची शेतमजूर संघटना सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की तातडीचे उपचार न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. शेखला २५,००० रुपये भरपाई मिळाली. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेतलं ते कलम आहे. ते एका मजुराच्या संघटनेने जिवंत केलं. मग आपण का नाही?

म्हणून समितीपुढे चार सूचना ठेवतो.

एक, रक्तदात्यांची वही. नाव, गट, फोन आणि मागच्या रक्तदानाची तारीख. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. १४ एप्रिलला निम्म्यांनीच द्यावं, बाकीच्यांनी मे आणि सप्टेंबरसाठी थांबावं. बाबासाहेबांना अभिवादन मे महिन्यातही करता येतं.

दोन, वस्तूंचं कपाट. विहारात औषधं साठवू नका, त्याला परवाना लागतो आणि मुदत संपलेली औषधं घातक ठरतात. पण व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, वाफेचं मशीन या गोष्टी घरोघरी पडून आहेत. त्या आणून द्या. वहीत सही करून न्यायच्या, धुऊन परत आणायच्या.

तीन, चिठ्ठी निधी. घरामागे महिना वीस रुपये. विहाराशी जोडलेली घरं दोनशे धरली तर महिन्याला चार हजार, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. पैसे पावतीवरच द्यायचे आणि हिशेब दर पौर्णिमेला वंदनेनंतर वाचून दाखवायचा. त्याबरोबर दर महिन्याला चार माणसांची पाळी, त्यात दोन महिला हव्यातच. बाळंतीण किंवा एकटी म्हातारी असेल तर बाईमाणूस लागतं.

चार, चिठ्ठ्यांची फाइल. बाहेरून आणायला लावलेल्या प्रत्येक चिठ्ठीची आणि पावतीची झेरॉक्स इथे जमा करा. पेशंटचं नाव झाकून, दर तीन महिन्यांनी ती मोजून, कुठलं औषध किती वेळा नव्हतं त्याची यादी हॉस्पिटलच्या अधिष्ठात्यांना आणि नगरसेवकांना लेखी द्यायची. उत्तर नाही आलं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारायचं, खरेदी कधी केली आणि साठा का नव्हता? एकट्याची चिठ्ठी म्हणजे रडगाणं. दोनशे चिठ्ठ्या म्हणजे पुरावा.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई पुण्यात रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्याच वर्षी आपल्या मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, आणि पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली. एकीकडे पाठीवर रुग्ण घेणारी माणसं, दुसरीकडे औषध शोधणारी माणसं. आपण या दोघांच्या मधली माणसं आहोत. औषध आणि रुग्ण यांच्यातलं अंतर आपल्याला तोडायचं आहे. वहीचं पहिलं पान मी आज विहाराच्या टेबलावर ठेवलेलं आहे, पेनही आहे. जेवणाच्या पंगतीआधी ज्याने त्याने आपला रक्तगट आणि फोन नंबर लिहावा, एवढीच विनंती.